टीव्हीवरची चिमणी आणि घरातला बोका: या चुका टाळा

आमच्या बोक्यासाठी, बंड्यासाठी, पहिल्यांदा यूट्यूबवर पक्ष्यांचा व्हिडिओ लावला, तेव्हा दहा मिनिटं तो हललाच नाही. मग पडद्यावरची खार डावीकडे निघून गेली आणि साहेब तिला शोधायला थेट टीव्हीच्या मागे. आम्ही पोट धरून हसलो. त्याच संध्याकाळी त्याने ठकीला, म्हणजे आमच्या दुसऱ्या मांजरीला, काही कारण नसताना बदडून काढलं. कारण होतं, पण ते आम्हीच लावून दिलेलं होतं हे उशिरा लक्षात आलं.

शिकार दाखवायची, हाती मात्र काही लागू द्यायचं नाही

बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. मांजराच्या शिकारीला क्रम असतो: टक लावणं, दबा धरणं, झेप, पकड, चावा, मग खाणं, अंग चाटणं आणि ताणून देणं. टीव्ही झेपेपर्यंत नेतो आणि तिथेच सोडून देतो. पंजा मारला तर गुळगुळीत पडदा. लेझरच्या ठिपक्यामागे पळवण्यातही हीच गोम आहे.

म्हणून व्हिडिओ बंद केला की लगेच काठीला बांधलेलं पीस पाच-सात मिनिटं पळवा. सोफ्याखाली लपवा, थांबवा, पुन्हा पळवा, आणि शेवटी ते त्याला खरंच पकडू द्या. मग वाटीत जेवण. आम्ही संध्याकाळचं जेवणच या वेळेवर नेलं, आता बंड्या खाऊन झोपतो. खेळ झाला की काठी-दोरी कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतड्यात अडकली तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं.

दोन मांजरं, एकच टीव्ही

शिकार मिळत नाही म्हणून तापलेलं मांजर राग जवळच्यावर काढतं. तो जवळचा तुमचा पायही असू शकतो. शेपटी आपटायला लागली, कान मागे पडले, गुरगुर सुरू झाली की व्हिडिओ बंद. अशा वेळी त्याला उचलून कुरवाळायला जाऊ नका; दिवा मंद करा आणि एकटं सोडा. दातांची कटकट मात्र वेगळी. खिडकीतून पक्षी दिसला तरी मांजरं ती करतात, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

ऑफिसला जाताना टीव्ही लावून जाणं

करमणुकीपेक्षा हे आपल्या मनाचं समाधान. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेलफास्टच्या एका अभ्यासात निवाऱ्यातल्या 125 मांजरांवर प्रयोग झाला. ज्यांच्यासमोर पडदा होता, त्यांनी निरीक्षणाच्या वेळेपैकी जेमतेम 6 टक्के वेळ तिकडे पाहिलं. हलत्या भक्ष्याची दृश्यं त्यातल्या त्यात आवडली, पण तीही काही वेळाने शिळी झाली. पंधरा-वीस मिनिटं पुरेत, तीही तुम्ही घरात असताना. पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर मुळातच शिकारीच्या तयारीत असतं, ती वेळ साधा.

"आमचं तर बघतच नाही!"

मग नका दाखवू. पडद्यावरच्या चिमणीला वास नसतो, आणि बऱ्याच मांजरांना ही फसवणूक लगेच कळते. तरी एकदा हे तपासा: लाल रंग त्यांना नीट दिसत नाही, निळा-पिवळा दिसतो. अगदी नाकासमोरचं धूसर दिसतं, म्हणून मोबाइल तोंडापुढे धरण्यात अर्थ नाही. टीव्ही जुना डबा असेल तर आपल्याला सलग वाटणारं चित्र मांजराला लुकलुकताना दिसू शकतं.

आवाज बारीक ठेवा, त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. आणि मध्येच किंचाळणाऱ्या जाहिराती टाळायच्या असतील तर व्हिडिओ आधी डाउनलोड करून घ्या.

टेबलावर नुसता उभा टीव्ही

चार-पाच किलोचा बोका झेपावला तर टीव्ही खाली येतो, कधी त्याच्याच अंगावर. भिंतीला ठोका, नाहीतर पट्ट्याने आवळा. बहुतेक एलईडी टीव्हींच्या पडद्यावर काच नसते; नखाचा ओरखडा उठला की उठला.

खिडकी विसरणं

फ्लॅटमधलं खरं चॅनेल तेच. पण कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर भरवसा ठेवू नका, मांजर ती कुरतडतं. स्टीलची घट्ट जाळी हवी. आमच्याकडे सकाळचा कार्यक्रम आता समोरच्या शेवग्यावर असतो. शिंजीर पक्षी फुलांवर आला की ठकी आणि बंड्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसतात. टीव्हीचा नंबर पावसाळ्यात, तोही झडीमुळे खिडकी लावावी लागली तरच.