बोडीवरचे बेडूक मोजायचे तर

गोंदिया-भंडाऱ्याकडे मामा तलाव (जुने माजी मालगुजारी तलाव) आणि बोड्या (शेतातली लहान तळी) भरल्या की बेडूक इतके ओरडतात, की ते मोजावेत असं कुणाच्या मनातही येत नाही. कोस्टारिकात मोंटेव्हर्देच्या डोंगरात ओढ्याकाठी हार्लेक्विन भेकही असेच भरपूर दिसत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते तिथून नाहीसे झाले. आधीच्या मोजणीच्या नोंदी होत्या, म्हणून ते ठामपणे सांगता आलं.

पाळीला (तळ्याच्या बांधाला) लागून पाण्याच्या कडेनं १०० मीटर मोजा, दर १० मीटरला खुंटी ठोका. दरवर्षी तीच पाळ, तीच दिशा. जूनच्या मध्यापासून आठवड्यातून एक रात्र पुरे. अंधार पडल्यावर तासाभरानं दोघांनी निघायचं. एकानं पाहायचं, दुसऱ्यानं लिहायचं. गमबूट घालाच, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) घोणस असते.

आधी टॉर्च बंद करून उभे राहा. पाय वाजले की ओरड थांबते, म्हणून पहिली दोन मिनिटं सोडून पुढची पाच मिनिटं ऐका. आवाज एकेक मोजता आला तर १, एकमेकांत मिसळला तर २, नुसता कल्लोळ असेल तर ३, काहीच नसेल तर ०. मग टॉर्च लावून अर्ध्या तासात १०० मीटर चाला. परतताना मोजू नका, तेच बेडूक दुबार येतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: पहिल्या जोरदार पावसानंतर बैलबेडकाचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या पिशव्या निळ्या, आणि एकाच डबक्यात गर्दी करतात. त्या रात्रीचा आकडा ऑगस्टमधल्या आकड्याशी लावला, तर बेडूक घटलेच दिसणार. शेवटचा पाऊस कधी झाला, वारा, तापमान हे न चुकता लिहा.

हार्लेक्विन भेकांचा मोठा घात कायट्रिड बुरशीनं केला. ती कातडीत वाढते, शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. १७ ते २५ अंशांत ती जोमानं वाढते, २८ च्या वर अडखळते. विदर्भाचा उन्हाळा तिला मानवत नाही. पण चिखलदऱ्याचा पावसाळा तसा नाही, आणि पश्चिम घाटात ती सापडलेली आहे. म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट-जाळीचा चिखल आधी ब्रशनं काढा (चिखल राहिला तर औषध आत पोचत नाही), मग एक भाग घरगुती ब्लीच, चार भाग पाणी, निदान एक मिनिट. धुऊन उन्हात कडक वाळवा. हे पाणी बोडीत ओतू नका.

फवारणीचे हात बेडकाला लावू नका, कातडीतून औषध थेट आत जातं. जखम नसलेले मेलेले बेडूक एकाच ठिकाणी दिसले, तर फोटो काढा, आणि आसपास कोणत्या बांधीत (भातखाचरात) कधी काय फवारलं तेही त्याच पानावर लिहा.