बिडाच्या गंजाला गंज चढू नये म्हणून

विदर्भात गंज म्हणजे भाजी शिजवायचं भांडं, आणि लोखंडावर चढतो तोही गंजच. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भांडं घरात असलं की दोन्हींशी गाठ पडते. बऱ्याच घरी बिडाची कढई पोळ्याला अन् दिवाळीला तळणासाठी खाली उतरते आणि लगेच माळ्यावर परत जाते. तिथे दोन पावसाळे काढले की तिला तांबूस पूड सुटते आणि ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. तीच कढई रोज चुलीवर असती तर पुढच्या पिढीला मिळाली असती.

आधी भांडं ओळखा

आठवडी बाजारात ‘लोखंडी’ म्हणून दोन प्रकार मिळतात. पत्रा ठोकून केलेल्या कढईचे कान रिबिटांनी जोडलेले असतात. बिडाची कढई ओतीव असते. तिचे कान अंगचेच, अंग जाड आणि हाताला रवाळ लागतं. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ठिसूळ. पत्र्याची कढई पडली तर पोचा येतो, बिडाची तडकते. घेताना एका कानाला धरून लोंबकळू द्या आणि किल्लीने वाजवा. आवाज घंटेसारखा लांबला तर माल चांगला. नुसतं ‘थप’ वाजलं तर कुठेतरी चीर आहे, घेऊ नका.

तेलाचा थर बसवणे

भांडं काळं, गुळगुळीत दिसतं आणि त्याला भाजी चिकटत नाही, ते या थरामुळे. तेल खूप तापलं की घट्ट होऊन लोखंडाला धरून बसतं. यासाठी जवसाचं घाणीचं तेल उत्तम, कारण ते लवकर सुकून कडक होतं. सोयाबीन किंवा सरकीचं तेलही चालतं. खोबरेल तेल नीट सुकत नाही. रंगाच्या दुकानातलं ‘उकळलेलं’ जवस तेल मात्र अजिबात नको, त्यात धातूचे क्षार मिसळलेले असतात.

1. नव्या भांड्यावर कारखान्यातलं तेल किंवा मेण असतं. गरम पाणी आणि साबणाने दोनदा घासा. जुन्यावर गंज असेल तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून जास्तीत जास्त अर्धा तास ठेवा आणि तारेच्या घासणीने काढा. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर व्हिनेगर लोखंडच खाऊ लागतं.
2. धुतल्याबरोबर चुलीवर ठेवून पूर्ण कोरडं करा.
3. हाताला चटका बसेल इतकं गरम असताना चमचाभर तेल सुती कापडाने आतून, बाहेरून, कानांना चोळा. मग दुसऱ्या कोरड्या कापडाने, जणू तेल चुकूनच लागलं होतं असं समजून, सगळं पुसून काढा.
4. भांडं निखाऱ्यांवर पालथं घाला. आधी धूर येईल, थांबेपर्यंत ठेवा. साधारण तासभर लागतो. जवसाच्या तेलाचा धूर भारी निघतो, म्हणून हे अंगणातच करा.
5. आपोआप थंड होऊ द्या. असं चार-पाच वेळा करा.

सगळी चूक तिसऱ्या पायरीत होते. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो, नाहीतर वाळून पापुद्रे निघतात. चिकटपणा आला असेल तर भांडं पुन्हा तासभर पालथं तापवा. तरी गेला नाही तर घासून पहिल्यापासून सुरुवात.

चुलीवर

बीड हळू तापतं. ॲल्युमिनियमपेक्षा त्यातून उष्णता साधारण चारपट कमी वेगाने पसरते. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ भपकन लागतो आणि तितक्याच लवकर विझतो. त्याच्यावर थंड भांडं ठेवलं तर मधोमध करपतं आणि काठ गारच राहतात. तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा गोवऱ्यांचा मंद जाळ ठेवून रिकामं भांडं पाच-सात मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत सुटला की तेल घाला. तापलेल्या भांड्यावर गार पाणी कधीच ओतू नका, तडा जातो.

एकदा तापलं की ते लवकर निवत नाही. म्हणून जवस, तीळ, शेंगदाणे भाजताना तडतड सुरू झाली की भांडं उतरवा आणि दाणे लगेच परातीत काढा. तसेच ठेवले तर खालचे कडू होतात.

झुणक्याला बिडासारखं भांडं नाही. एक वाटी बेसन, एक वाटी पाणी, चार चमचे तेल, दोन कांदे. कांद्याच्या फोडणीत पाण्यात कालवलेलं बेसन ओतून ढवळा, घट्ट झालं की कडेने चमचाभर तेल सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं विसरून जा. तळाला जी लालसर खरपुडी धरते ती उलथन्याने सरळ सुटून येते. घरातली भांडणं तिच्यावरूनच होतात.

चिंच, टोमॅटो, ताक, आंबाडीची भाजी, कढी-गोळे यांना मात्र दुसरं भांडं वापरा. आंबटाने थर निघतो, पदार्थ काळा पडतो आणि लोखंडाची चव येते. थोडं लोह अन्नात उतरतं, ते बहुतेकांना चालतंच. पण विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह आधीच साचतं. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून ठरवा.

पानग्यांसाठी भट्टी

झाकणाच्या खोल गंजात पानगे छान होतात. चार वाट्या जाडसर गव्हाचं पीठ, चार चमचे तेलाचं मोहन, मीठ, आणि घट्ट भिजेल एवढंच पाणी. तळाला पळसाची पानं अंथरा, त्यावर चपटे पानगे, वर पुन्हा पानं. झाकणावर काठ हवा, नाहीतर निखारे खाली घसरतात. एक वाटा निखारे खाली, दोन वाटे झाकणावर. खाली जास्त झाले तर पानं जळून बूड कडू होतं. वीस मिनिटांनी उलटा, आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

धुणे

आपल्याकडची राखड हीच बिडाची खरी वैरी. राख पाण्यात मिसळली की क्षारी होते आणि बसलेला तेलाचा थर सोलून काढते. भांडं चकचकीत दिसतं आणि चार दिवसांत तांबूस होतं. रोज गरम पाणी आणि नारळाची काथ्या पुरे, गरज पडल्यास थोडा साबण. काही चिकटलं असेल तर पाणी घालून पाच मिनिटं उकळा, किंवा दोन चमचे खडे मीठ घालून घासा. भाजी रात्रभर त्यात ठेवू नका. धुऊन झालं की निखाऱ्यावर वाळवा, चार थेंब तेल पुसून लावा. पावसाळ्यात झाकण लावून ठेवू नका, मध्ये कागद घाला.

बुडाला काजळी नको म्हणून काहीजण मातीचा लेप देतात. बिडाला तो नको, ओली माती गंजाला आमंत्रण देते.

भांड्याला तडा गेलाच तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. बीड बहुधा जोडाच्या शेजारी पुन्हा फुटतं. थंडीत अंगणात निखारे ठेवायला ते बरं पडतं, फक्त दार बंद असलेल्या खोलीत ठेवू नका, कारण निखाऱ्यांचा वायू जिवावर बेततो.