गावाचा ग्रुप अफवेच्या हाती जाऊ नये म्हणून

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठाला आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची मी सुरुवातीपासून अॅडमिन. पिंपळनेरला कांदा काय भावाने गेला, नळाला पाणी कधी सुटणार, कुणाचं दहावं कधी, कुणाची म्हैस सुटून कुठे गेली, हे सगळं आमच्याकडे तिथेच कळतं. ग्रुप बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो नीट चालवायला मात्र शिकावं लागतं, आणि मी ते उशिरा शिकले.

जून २०१८ मध्ये माहेरच्या ग्रुपवरून मला एक मेसेज आला. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, शाळा सुरू होताहेत, लेकरांना जपा. काळजीपोटी मी तो तसाच गावाच्या ग्रुपवर टाकला. १ जुलैला, रविवारी, आमच्याच तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या बाजूने पोटासाठी इतक्या लांब आलेली माणसं होती ती. त्या दिवसांत तालुकाभर जे मेसेज फिरत होते, त्यांत एक माझ्या हातून गेलेला होता. "मॅडमनी टाकलाय म्हणजे खराच," असं म्हणून लोकांनी तो पुढे धाडला, हे मला नंतर दोघातिघांनी सांगितलं. अफवेला माझं नाव मिळालं आणि ती खरी वाटू लागली. म्हणून हे लिहायला बसले.

पहिली गोष्ट, मेसेज कसा ओळखायचा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्यातच बंद राहतं, कंपनीलाही ते वाचता येत नाही. खासगीपणासाठी ही सोय चांगलीच आहे. पण त्यामुळे खोटा मेसेज अडवायला मधे कुणी बसलेलं नाही, तो ज्याच्या हातात आला त्यानेच अडवायचा. मेसेजवर एक बाण आणि 'फॉरवर्डेड' असं दिसलं तर तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. असा दोन बाणांचा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. आमच्या ग्रुपचा नियम असा की दोन बाणांचा इशारा कुणीच टाकायचा नाही, मग तो सरपंचांनी पाठवलेला का असेना.

बाण नसला म्हणजे मेसेज खरा, असंही नाही. लोक मजकूर कॉपी करून चिकटवतात, मग बाण उमटत नाही. तिथे माणसाला विचारावं लागतं. मी आता फोनच लावते. लिहून विचारलं की "आला म्हणून टाकला" एवढंच उत्तर येतं. फोनवर मी अहिराणीत विचारते, "कोणी सांगं तुले? तू दखं का?" शाळेतल्या मराठीत विचारलं तर समोरचा चाचरतो, आपल्या बोलीत विचारलं की खरं सांगतो. कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता, या तिन्हींची उत्तरं एका नावाच्या माणसापर्यंत पोचली तरच पुढचं बोलायचं. "साक्रीच्या एकाच्या मेव्हण्याने" इथपर्यंत येऊन साखळी तुटली, तर मेसेज तिथेच ठेवायचा.

व्हिडिओला जास्त वेळ द्या, कारण डोळ्याने पाहिलेलं खोटं माणूस सोडत नाही. त्याच वर्षी देशभर एक फीत फिरत होती. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानात कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, पोराला खाली सोडतात आणि फलक उघडून दाखवतात. आपल्याकडे आलेल्या फितीतून नेमका तोच शेवट कापलेला होता. म्हणून मी बायकांच्या बचत गटात शिकवते ते असं: व्हिडिओ एकाएकी संपतो का बघा. मग आवाज बंद करून परत बघा, या वेळी फक्त मागचं. दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाडीचा नंबर कुठला, शेतात पीक कोणतं, अंगावर कपडे कसले. एवढ्याने काही हाती लागलं नाही तर पडद्याचा फोटो घेऊन गूगल लेन्समध्ये टाका, तेच चित्र आधी कुठे आलं असेल तर बहुतेक वेळा सापडतं. आमच्या गटातल्या एका आक्काला वाचता येत नाही, पण "हा ऊस आपल्याकडचा नाही" हे तिने सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं.

ग्रुपची मांडणी थोडक्यात. पूर्वी एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत, २०२२ पासून १०२४ मावतात. मोठ्या गावाने सगळ्यांना एकातच कोंबू नये, गल्लीवार ग्रुप बरे. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की माहितीचं पान उघडतं, तिथे परवानग्यांमध्ये 'मेसेज फक्त अॅडमिन पाठवतील' असं करता येतं. आम्ही रात्री दहा ते सकाळी सहा तसं करतो, कारण रात्री कुणाला फोन लावून खात्री करता येत नाही. बाजाराच्या दिवशी सकाळपासूनच करतो. दहा गावची माणसं एका जागी आली की एका गावचा मेसेज दहा गावांत जातो. चुकीचं काही पडलं तर अॅडमिनला ते सगळ्यांच्या फोनवरून काढता येतं. मात्र काढण्याआधी तिथे लिहा की हे खोटं होतं. नुसतं गायब झालं तर लोक म्हणतात, काहीतरी दडवलंय.

अॅडमिन व्हायला लोक घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, दोघांचा मिळून तसा इरादा असल्याशिवाय, अॅडमिन जबाबदार धरता येत नाही. कायद्याने सुटका असली तरी दिसलेला खोटा मेसेज मी ठेवत नाही.

अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम आमच्याकडे सगळ्यात कडक आहे. संशय आला तर पोलीस पाटलांना फोन, नाहीतर थेट ११२. खरोखर मूल हरवलं असेल तर ११२ किंवा १०९८, आणि ग्रुपवर फक्त आईवडिलांनी स्वतः दिलेली माहिती. मूल सापडलं की तो मेसेज त्याच दिवशी काढायचा, नाहीतर दोन वर्षांनी तोच परत फिरत येतो.

आपल्या हातून चूक झालीच, तर ती जिथे जिथे गेली तिथे तिथे दुरुस्ती जायला हवी. मी एका कागदावर माझे सगळे ग्रुप लिहून ठेवलेत, दुरुस्ती पाठवली की एकेकावर खूण करते. ती लिहून न पाठवता आवाजात पाठवते, अहिराणीत, अर्ध्या मिनिटात. पहिलं वाक्य नेहमी एकच: मी पाठवलेलं खोटं होतं. त्यानंतर काय खरं आहे ते. राईनपाड्यानंतर मी असं केलं नाही, गप्प बसले, महिनाभर ग्रुपच उघडला नाही. तेव्हा करायला हवं होतं.

आता डवरी गोसावी किंवा कुणी पालावरची माणसं आली की पोलीस पाटील आधी त्यांच्याशी बोलतात, मग ग्रुपवर दोन ओळी टाकतात: पाहुणे आलेत, शाळेमागच्या मोकळ्या जागेत उतरलेत, पाणी आपल्याच टाकीवरून भरतील. गेल्या वेळी त्यांचं एक लेकरू तापाने फणफणलं होतं. तेही ग्रुपवर आलं, आणि अर्ध्या तासात आशाताई औषध घेऊन पालावर पोचल्या.