सोलर पंप आणि छतावरचं सोलर: अनुदान घेताना आपल्या कोल्हापूर भागात होणाऱ्या या चुका टाळा

अनुदानावर सोलर पंप देणाऱ्या राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा फॉर्म भरायच्या आधी एकच बघा, पाणी कुणाचं आहे. आपल्याकडं पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा काठची बरीच शेती पाणीपुरवठा संस्थेच्या लिफ्टवर, म्हणजे नदीतनं उपसून दिलेल्या पाण्यावर चालते, पाणीपट्टी भरली की पाळीनं पाणी येतंय आणि स्वतःची विहीर नाही, बोअर नाही, शेततळं नाही, तरी लोक फॉर्म टाकून मोकळे होतात आणि मग अर्ज का अडकलाय म्हणून विचारत बसतात. योजनेत पाण्याचा शाश्वत स्रोत स्वतःचा लागतो आणि महावितरणवाले तो तपासून बघतात. बारमाही नदी-नाला चालतो, पण नदीतनं पाणी उचलायला पाटबंधारेची परवानगी लागते, ती वेगळी भानगड आहे. विहीर असेल तर ती ७/१२ वर चढलीय का बघा. वडिलांनी विहीर पाडून पंचवीस वर्षं झाली, पण नोंदच नाही, हे तर लै ठिकाणी आहे. आधी तलाठ्याकडं जाऊन नोंद करून घ्या, मगच फॉर्म.

दुसरी चूक म्हणजे शेतीचं लाईट कनेक्शन चालू असताना सोलर मागायचा. ही योजना ज्यांच्याकडं कनेक्शन नाही त्यांच्यासाठी आहे, किंवा पैसे भरून कनेक्शनची वाट बघणाऱ्यांसाठी. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल तसंही एप्रिल २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजनेत सरकार भरतंय. तक्रार असते ती रात्रीच्या लाईटची, बिबट्या-गव्याच्या भागात रात्री पाणी पाजायला कोण जाणार, ते बरोबरच आहे. पण त्याच्यावरचा मार्ग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आहे, त्यात अख्खा फीडरच, म्हणजे सबस्टेशनातनं शेतीला येणारी लाईनच, सोलरवर घेतात म्हणजे दिवसा लाईट मिळते. सबस्टेशनजवळ कुणाचं माळरान पडून असेल तर ते या योजनेला भाड्यानं देता येतंय, दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. खडकाळ माळाला एवढं दुसरं कोण देणार सांगा.

आता एचपी. २.५ एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५ आणि त्याच्या वर ७.५, असा नियम आहे, म्हणून माणसं फक्त एकर मोजतात. पण पंप पाणी किती वर ढकलणार हे हेडवर ठरतंय आणि आपल्याकडं गोची हीच, विहीर खाली ओढ्याकडंला आणि ऊस वर माळावर. मोजताना एप्रिल-मे मधली पाण्याची पातळी धरा, पावसाळ्यातली नको. ती खोली, विहिरीच्या काठापासनं शेताच्या सगळ्यात उंच कोपऱ्यापर्यंतचा चढ, आणि लांब पाइप असेल तर घर्षणात जाणारं प्रेशर, हे सगळं मिळून हेड होतं. पंपाच्या कागदावर हेड मीटरमध्ये असतं आणि आपण बोलतो फुटात, तर एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटाच्या थोडं वर एवढं लक्षात ठेवा. १५० फुटाचं हेड असताना ३० मीटरवाला पंप बसवून घेतला तर तो फिरेल, आवाजही करेल, वर टिपूस येणार नाही. जॉइंट सर्व्हेला, म्हणजे बसवायच्या आधी जागा बघायला माणूस आला की हे आकडे त्याला स्वतः सांगा, त्याच्या अंदाजावर सोडू नका.

कागदात सगळ्यात जास्त अडतं ते सामाईक ७/१२ वर. चुलते, आत्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळ्यांची नावं असतात आणि सगळ्यांचं ना हरकत पत्र स्टॅम्पपेपरवर लागतं. आधार, पासबुक आणि ७/१२ वरचं नाव एकसारखं आहे का तेही ताडून बघा.

पैशाचं सरळ आहे. ओपन आणि ओबीसीला १० टक्के, एससी-एसटीला ५ टक्के हिस्सा, बाकी सरकार भरतं. हा हिस्सा महावितरणच्या पोर्टलवरच भरायचा, कुणाच्या फोन पे वर नाही. कुसुम या केंद्राच्या सोलर पंप योजनेच्या नावानं खोट्या वेबसाईट निघाल्यात, केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं त्याबद्दल कितीदा इशारा दिलाय तरी लोक फसतातच. आणि पंप बसवायला आलेला माणूस खड्ड्याला, सिमेंट-वाळूला, गाडीभाड्याला वेगळे मागू लागला तर देऊ नका, ते किमतीत धरलेलं असतं. महावितरणच्या १९१२ या नंबरवर तक्रार टाका.

बसवायची जागा ही मात्र स्वतः उभं राहून ठरवायची गोष्ट आहे. नदीकाठच्या गावात २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी पॅनल मोटरीजवळ पाहिजे म्हणून खाली मळीत उभं करतात. कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारी पेटी, तरी पूररेषेच्या वर घ्या, चार पैशाची केबल जास्त जाईल. दुसरं, लागणीच्या वेळी रान मोकळं दिसतंय, पण दहा महिन्यांनी ऊस दहा-बारा फूट होतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याची सावली प्लेटांवर पडते. एका प्लेटवर सावली पडली तरी सगळ्या सिरीजचा, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या प्लेटांचा, करंट खाली येतो. दक्षिणेकडं तोंड आणि चारी बाजूला मोकळी जागा ठेवा, तिथं ऊस लावायचा मोह करू नका. आणि पाचट. तोड झाली की रान पेटवायची सवय आपल्याकडं जात नाही, आणि केबल असते जमिनीलगत पाइपात. वरनं धग लागली की पाइप मऊ पडून केबलला चिकटतो, आतलं इन्सुलेशन जातं, दिसायला काहीच दिसत नाही आणि पहिल्या वळवाला शॉर्ट होतं. पाचट कुजवा, खताला चांगलं. पेटवणारच असाल तर पॅनलभोवती पंधरा-वीस फूट आधी साफ करा. गुऱ्हाळाच्या चिमणीची काजळी येत असेल तर प्लेटा जरा लवकर लवकर धुवा, सकाळी गार असताना, मऊ फडक्यानं.

पंप बंद पडला की लगेच गावातल्या वायरमनला कंट्रोलर उघडायला लावू नका. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीवर आहे, वॉरंटी हातानं घालवायची कशाला. आधी साधं बघा: ढगाळ हवा आहे का, विहिरीत पाणी खाली गेल्यानं ड्राय रनवर, म्हणजे मोटर कोरडी फिरू नये म्हणून आपोआप, बंद झालाय का, उंदरानं केबल कुरतडलीय का. नवीन एसी मोटर फिरतीय पण पाणी अगदीच कमी, तर बहुतेक वेळा उलटी फिरत असते, दोन फेज बदलायला कंपनीच्या माणसाला सांगा. स्क्रीनवर जो एरर येतो त्याचा फोटो काढून तक्रारीला जोडा, निम्मं काम तिथंच होतं. चोरी झाली किंवा वादळात प्लेटा उडाल्या तर विमा आहे, पण चोरीला पोलिसात फिर्याद आणि नुकसानीचे फोटो त्याच दिवशी. आवराआवर नंतर. पंप दुसऱ्याला विकणं नियमात बसत नाही, तो विचार सोडा. कडबाकुट्टी त्याच प्लेटांवर चालवायची असेल तर पंपाबरोबर दुसरी यंत्रंही चालवणारा युनिव्हर्सल कंट्रोलर लागतो, मध्येच वायर काढून जुगाड केलात तर वॉरंटीला रामराम.

आता गिरणीवाले, दूध संकलनवाले, पोल्ट्री, फॅब्रिकेशनवाले. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी, म्हणजे २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉट व त्यावर एकूण ७८ हजार, ही फक्त घरगुती मीटरला. दुकानाच्या किंवा गिरणीच्या मीटरवर ती मिळत नाही, एजंट काय बी सांगू दे. घरच्या मीटरवर सोलर घेऊन त्यावर गिरणी चालवायची आयडिया पण काढू नका, तो वापराचा गैरप्रकार धरतात आणि दंड लागतो. धंद्यासाठी फायदा दुसरीकडनं येतो: आयकरात सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे तेवढी किंमत खर्चात दाखवता येते, आणि नवीन युनिट काढत असाल तर पीएमईजीपी या नवीन धंद्याला कर्ज-सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सोलर सुरुवातीलाच घालायचा विषय बँकेत काढा. चालू धंद्याला पीएमईजीपीचं नवीन युनिटसाठीचं कर्ज मिळत नाही, आणि आधी बसवून मग सबसिडी मागायची ही चूक कुठल्याच योजनेत निस्तरत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की सोलर बसवलं की लोडशेडिंग संपलं. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद होतं, भर दुपारी उन्हात सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. दूध गार ठेवायचा बल्क कूलर चालवणाऱ्यानं हे आधीच धरून जनरेटर ठेवायचा नाहीतर हायब्रिड, म्हणजे लाईन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारं सोलर, आणि बॅटरीचा खर्च हिशोबात घ्यायचा. बिल झिरो होणार हे पण तसंच, युनिट वजा होतात पण स्थिर आकार राहतोच.

घरच्या छतासाठी मीटर अजून आज्याच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. आणि कोटेशनमध्ये डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलच्या प्लेटा असंच लिहून घ्या, त्या नसतील तर सूर्यघरची सबसिडी खात्यावर येत नाही आणि प्लेटा मात्र छतावर चढलेल्या असतात.