सीएनसी राऊटर शिकताय? स्टार्ट दाबायच्या आधीचं काम आधी शिका

सीएनसी राऊटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर फिरत्या बिटने लाकूड कापणाऱ्या मशीनवर, नवीन आलेले बहुतेकजण पहिले सॉफ्टवेअरचंच विचारतात, कुठलं शिकू, टूलपाथ (बिटचा रस्ता) कसा काढू, थ्रीडी काम कधी मिळेल. ते येतं हो हळूहळू. पण मी कुणाला शिकवायला घेतलं की सुरुवात जॉब (कापायचा माल) पकडण्यापासून करतो, कारण या मशीनवर जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं स्टार्ट दाबायच्या आधीच ठरलेलं असतं. शीट नीट बसलेली नसते, झीरो (मोजमाप सुरू होतं ती जागा) चुकलेला असतो, नाहीतर कोलेट (बिट आवळून धरणारा भाग) चुकीचं असतं.

आता जॉब पकडण्याचंच बघा. १८ मिमीची प्लायशीट चांगली जड असते, हाताने ढकलून हलत नाही, म्हणून दोन कोपऱ्यांना क्लॅम्प मारले की झालं असं वाटतं. पण शीटला बाक असतो, मधला भाग बेडला टेकलेलाच नसतो, त्यात अपकट बिट असेल तर ते मटेरियल वर खेचतं आणि मग शीट थरथरायला लागते, कट खराब होतो आणि बिट मोडायची शक्यता वाढते. व्हॅक्यूम बेड असला तरी निर्धास्त राहू नका. पंप कितीही भारी असला तरी दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोच्या वर जोर मिळूच शकत नाही, म्हणजे ५ बाय ५ सेंटीमीटरच्या तुकड्यावर फार तर २५ किलो, आणि तोही खाली दाबणारा. बाजूने ढकलणाऱ्या बिटला अडवतं ते फक्त घर्षण, ते त्याहून बरंच कमी. म्हणून मोठ्या शीटला व्हॅक्यूम उत्तम, पण छोटे तुकडे आरपार कापायचे असतील तर टॅब (तुकडा शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे भाग) ठेवाच, नाहीतर शेवटच्या पासला (कापायच्या फेरीला) सुटलेला तुकडा बिटमध्ये अडकतो आणि उडतो. स्क्रू मारणार असाल तर ते कुठे आहेत हे ड्रॉइंगमध्ये आधीच दाखवा म्हणजे टूलपाथ त्यांच्यावरून जाणार नाही.

बिट बसवताना घाई नको. ६ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण ६ मिमीचं बिट पाव इंचाच्या कोलेटमध्ये आवळलं तर ते धड मध्यावर राहत नाही आणि चालू कटमध्ये खाली सरकू शकतं. ईआर प्रकारचं कोलेट आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरवर) चढवायचा, मग बिट. कोलेटच्या आत भुसा किंवा राळ चिकटलेली असेल तर पुसून काढा, आतून चरे पडले असतील तर सरळ बदला, ही काटकसर करायची जागा नाही. आणि पाना काढून जागेवर ठेवल्याशिवाय स्पिंडल चालू करायचा नाही.

झीरो घेताना एवढं बघा की सॉफ्टवेअरमध्ये झेड झीरो (उंचीचा झीरो) मटेरियलच्या वर धरलाय की बेडवर, आणि मशीनवर तुम्ही तोच घेताय ना. १८ मिमीच्या शीटला हे उलटसुलट झालं तर बिट एकतर हवेत फिरेल नाहीतर थेट बेडमध्ये घुसेल. टूल बदललं की झेड पुन्हा घ्यायचाच. टच प्लेटची (झेड घ्यायच्या पट्टीची) क्लिप बिटवरून काढलीय का ते बघा, फाइलमध्ये जी २१ म्हणजे मिलिमीटर आहे की जी २० म्हणजे इंच तेही बघा, कारण तिथे २५.४ पटीचा फरक पडतो. नवीन फाइल असेल तर झेड झीरो मटेरियलच्या बराच वर घेऊन एकदा हवेत चालवा, बिट क्लॅम्पवर जातंय का ते लगेच कळतं. आणि मग खरा कट चालवायच्या आधी झेड परत नीट घ्या.

कट सुरू झाला की मशीनपासून लांब जाऊ नका, फोनवर बोलायला बाहेर तर अजिबात नाही. आवाज ऐकत राहायचं. फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) आणि आरपीएमचा हिशोब सोपा आहे, आरपीएम आणि बिटच्या धारा यांचा गुणाकार करायचा आणि त्याने फीडला भागायचं. १८,००० आरपीएम, दोन धारांचं बिट आणि फीड मिनिटाला ३६०० मिमी असेल तर प्रत्येक धार ०.१ मिमी लाकूड काढते, ६ मिमी बिटला प्लायमध्ये हे ठीक आहे. नवीन माणूस घाबरून फीड ६०० वर आणतो आणि आरपीएम तेवढाच ठेवतो, त्याला ते सुरक्षित वाटतं, पण प्रत्यक्षात धार कापायच्या ऐवजी नुसती घासते, बिट तापतं, लाकूड काळं पडतं. अशा तापलेल्या लाकडाची एखादी ठिणगी डस्ट कलेक्टरच्या पिशवीत गेली तर ती आत बराच वेळ धुमसते आणि सगळे घरी गेल्यावर आग लागू शकते. जळका वास आला की थांबवा, पिशवी उघडून बघा. कापताना मोठे चिप्स पडतायत का पिठासारखी धूळ पडतेय यावर नजर ठेवा (एमडीएफमध्ये धूळच पडणार, तो अपवाद). हळू कापायचंच असेल तर आरपीएमही कमी करा, किंवा खोली कमी ठेवून जास्त पास घ्या.

फीड होल्ड (कट मध्येच थांबवायचं बटण) दाबला तर मशीनचं सरकणं थांबतं पण बऱ्याच मशीनवर स्पिंडल फिरतच राहतो, हे माहीत नसलेला माणूस लगेच हात घालतो. इमर्जन्सी दाबल्यावरही स्पिंडल थांबायला काही सेकंद जाऊ शकतात. तुमच्या मशीनवर नक्की काय होतं ते मोकळ्या बेडवर पहिल्याच दिवशी करून बघा. इमर्जन्सीनंतर पोझिशनवर भरवसा ठेवू नका, परत होमिंग करा, म्हणजे मशीनला त्याच्या ठरलेल्या मूळ जागेवर न्या.

हातमोजे घालून फिरत्या स्पिंडलजवळ जायचं नाही, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. बाही, ओढणी, मोकळे केस, तसंच. चष्मा हवाच, कारण बिटचं कार्बाइड ठिसूळ असतं आणि मोडलं की तुकडे लांब उडतात. लाकडाची धूळ कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे, त्यामुळे डस्ट कलेक्टर चालू असला तरी मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

मेंटेनन्सचं फार अवघड नाही, फक्त रोज करावं लागतं. रेल आणि बॉलस्क्रूवरचा भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या, हवेच्या पाइपने मारला तर बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरते. ग्रीस मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच, गंज काढायचा स्प्रे हे वंगण नव्हे. वॉटर कूल्ड स्पिंडल असेल तर पाणी फिरतंय हे डोळ्यांनी बघूनच चालू करा, आणि सकाळी काही मिनिटं कमी आरपीएमवर गरम होऊ द्या. व्हीएफडीचं (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या युनिटचं) झाकण मेन बंद केल्या केल्या उघडू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबा, आणि ते काम इलेक्ट्रिशियननेच केलेलं बरं.

गँट्री (स्पिंडल धरणारा आडवा पूल) काटकोनात आहे का हेही अधूनमधून तपासा. शीटवर १००० मिमीच्या चौकोनाचे चार कोपरे ड्रिल करा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा, दोन्ही १४१४ च्या आसपास आणि एकमेकांइतके यायला हवेत. फरक आला तर गँट्री तिरकी आहे, आणि दोन्ही बाजूंना मोटर असलेलं मशीन असेल तर आधी होम स्विचच्या जागा बघा.