शाराकूच्या नटामागची अभ्रकाची चमक

जपानी चित्रकार शाराकूच्या १७९४ सालच्या काबुकी (जपानी नाट्यप्रकार) नटचित्रांची काळपट पार्श्वभूमी अभ्रकामुळे चमकते. हाताने नक्कल करताना अभ्रकाची पूड रंगात कालवून ब्रशने लावली की फराटे हमखास दिसतात. त्यापेक्षा ती भुरभुरवा.

१. पार्श्वभूमीला गडद करडा रंग सपाट देऊन पूर्ण वाळू द्या.
२. नटाची आकृती ट्रेसिंग पेपरवर काढून कापा आणि चित्रावर ठेवा. ओतानी ओनिजी या नटाच्या प्रसिद्ध चित्रात फाकलेली बोटं आहेत, तिथे घाई नको. माझं एक चित्र तिथेच गेलं!
३. उघड्या भागावर पातळ डिंकाचा हात फिरवा, ओलं असतानाच पूड चहाच्या गाळणीतून चाळा.
४. वाळल्यावर उभं धरून मागून टिचक्या मारा.

पंखा बंद ठेवा, नाकातोंडाला मास्क लावा.