मुलाला मंच मिळवून द्यायचा तर नववीची वाट पाहू नका

गोव्यात मुलाला मंचावर उभं करायला आधी पणजी गाठावी लागत नाही. पहिला मंच आपल्याच वाड्यावर असतो, देवळाच्या मंडपात. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात संगीत शिकवतो. आमच्या शाळेतून स्पर्धेत टिकणारी मुलं बहुतेक भजनातून आलेली असतात. चार भिंतींच्या क्लासमधून थेट मंचावर गेलेलं मूल समोर माणसं दिसली की लय सोडतं. भजनात बसलेल्या मुलाला माणसांची सवय असते.

म्हणून सुरुवात इथून करा. गावच्या भजनी मंडळाच्या बुवांना भेटा आणि मुलाला मागे बसू द्या, एवढंच मागा. पहिल्याच दिवशी अभंग म्हणायला लावू नका. हातात झांज द्या. पखवाजाच्या समेवर झांज बरोबर पडू लागली की ताल अंगात उतरला म्हणून समजा. मग कोरसात, आणि सवड बघून एखादी गौळण एकट्यानं. घाई करणारे पालक इथेच चुकतात. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगांवकर स्मृती भजनी स्पर्धेत मुलांचाही गट असतो. तिथे गायकाइतकाच पेटीवाला, पखवाजवाला आणि मागे साथीला गाणारा झिलकरी लागतो. ज्याचा गळा बेताचा आहे त्या मुलालाही पथकात मानाची जागा मिळते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनात नेहमी तीच पाच-सहा मुलं पुढे असतात.

दुसरी वाट उत्सवी नाटकाची. जत्रेला, कालोत्सवाला गावकरीच मराठी नाटक बसवतात आणि त्यात लहान मुलाची भूमिका असतेच असं नाही. तरीही तालमीला पाठवा. प्रॉम्प्टिंगची वही धरणं, प्रवेश बदलताना सामान लावणं, ऑर्गनवाल्याजवळ बसून पदाची पट्टी ऐकणं, यातून मुलाला नाटक आतून कळतं. दिग्दर्शकाशी दोन गोष्टी मात्र आधीच बोलून ठेवा : तालीम किती वाजता सुटेल आणि मुलाला घरी कोण आणून सोडेल. मुलगी असेल तर घरचं माणूस तालमीला बसणार, हे स्पष्ट सांगा. समजूतदार मंडळी यावर कधीच हरकत घेत नाहीत.

आता वयाचं गणित. माझ्याकडे पालक येतात ते मूल नववीत गेल्यावर, आणि तोवर एक दार बंद होत आलेलं असतं. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची शिष्यवृत्ती 10 ते 14 या वयोगटासाठी आहे. वर्षाला 3600 रुपये आणि शिकवणीची फी वेगळी. रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी नाही, पण ती दर वेळी नूतनीकरण करत पदवीपर्यंत चालू राहू शकते आणि मुलाची शिस्त टिकवते. परंपरेनं कला सांभाळणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. दशावतारी किंवा देवळात वाजंत्री वाजवणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. अर्ज पाचवी ते सातवीत असतानाच करा, म्हणजे पहिल्या वेळी निवड झाली नाही तरी पुन्हा बसता येतं.

कला उत्सव याच्या उलट आहे. 2015 साली केंद्र सरकारनं सुरू केलेली ही स्पर्धा नववी ते बारावीच्या मुलांसाठी असते आणि राज्यातून जिंकलेलं मूल राष्ट्रीय पातळीवर जातं. इथे पालक परस्पर नाव देत नाहीत, शाळा देते. म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटा. गणपतीच्या सुट्टीनंतर जाऊन उपयोग होत नाही.

या स्पर्धेत लोककलेला चांगला वाव आहे आणि आपण तिथेच कमी पडतो. गोव्याचं मूल टीव्हीवरचा नाच घेऊन गेलं तर त्याच्यासारखी अनेक मुलं तिथे असतात. घुमट हे आपलं मातीचं वाद्य घेऊन गेलं तर परीक्षक मान वर करून बघतात. 2019 मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. एका हातानं वाजवायचं आणि दुसऱ्या तळव्यानं लहान तोंड झाकत-उघडत घुमारा कमी-जास्त करायचा. हा तळवा साधायला वेळ लागतो. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आहे, तेव्हा विकत घेताना बकरीचं चामडं आहे ना हे विचारून घ्या. चवथीच्या आरत्यांना शामेळ हे काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य आणि कांसाळी म्हणजे मोठ्या झांजा यांच्या साथीनं मुलाला वाजवू द्या. त्याहून चांगली तयारी कुठल्या शिबिरात होत नाही. फुगडी, धालो, गोफ, तालगडी या लोकनृत्यांनाही हेच लागू. गावातल्या जाणत्या माणसांना शाळेत बोलवा, मोबाइलवरून उचलू नका.

पद्धतशीर शिक्षणासाठी पणजीला कांपालच्या कला अकादमीत संगीत आणि नृत्याचे वर्ग आहेत, कांपाललाच बाल भवन आहे. मडगाव, साखळी, कुडचडेच्या लोकांनी आपल्या रवींद्र भवनात आणि फोंडेकरांनी राजीव गांधी कला मंदिरात चौकशी करावी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात, पण प्रमाणपत्रांच्या मागे धावू नये. प्रवेशिका पूर्ण झालेल्या मुलाला साधा भूप राग पाच मिनिटं मांडता येत नसेल तर पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरू नका.

मुलग्यांच्या आयांसाठी एक खास सूचना. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. काळी चारच्या उंच पट्टीत सहज गाणारा मुलगा एकाएकी बेसूर होतो, वर्गात हसं होतं, आणि तो गाणं सोडतो. या काळात जुनी पट्टी धरून ताणू नका. खाली येऊ द्या, वरच्या सप्तकाला हात लावू नका, स्पर्धेला पाठवू नका. त्याच महिन्यांत त्याला पेटी किंवा तबला शिकवा, म्हणजे संगीत सुटत नाही. आवाज काळी एकच्या आसपास स्थिरावला की पुन्हा गाऊ द्या.

दहावीत सगळं बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. रात्रीच्या तालमी बंद करा, ते योग्यच. संगीताच्या परीक्षाही पुढे ढकला. पण रोजचा अर्धा तास रियाज आणि आठवड्याचं भजन ठेवा. ज्याला यातच पुढे जायचंय त्याच्यासाठी पणजीत आल्तिनोला संगीत महाविद्यालय आहे. तिथल्या प्रवेशाची चौकशी बारावीचा निकाल लागल्यावर न करता अकरावीतच करा, आणि जाताना मुलाला सोबत न्या.